तीन वेळा अधिक

जीप फाटकातून आत आली तेव्हा आम्ही म्हातारी माणसं निंबाखाली तूर निवडत बसलो होतो. जीपच्या दारावर पांढरी अक्षरं होती. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण आश्रमातल्या एकोणीस जणांत वाचता येणारी मी एकटीच. मी एकेक अक्षर लावत वाचलं, "क्षय... रोग... तपासणी."

किसनभाऊंच्या हातातलं सूप थांबलं. "म्हंजे खय," ते म्हणाले. "हिंमतरावाचा."



आमचा आश्रम चिखलीच्या बाहेर, मेहकरच्या रस्त्याला. एका कापसाच्या व्यापाऱ्यानं आईच्या नावानं तो बांधला होता आणि भगवानराव नावाचे व्यवस्थापक तो चालवत. आदल्या पावसाळ्यात हिंमतरावांच्या खोकल्यातून रक्त पडलं. भगवानरावांनी त्यांची खाट विहिरीमागच्या पत्र्याच्या खोलीत नेऊन टाकली. त्या खोलीत आधी कडबा राहत असे. जेवणाची थाळी बांबूनं आत सरकवायची, असा नियम झाला. संध्याकाळ झाली की हिंमतराव एकेकाला नावानं हाक मारत. "ओ किसन... तानुबाई वो... पंचफुला, बोल ना व माय." आम्ही परसात बसलेलो असायचो. हाक सगळ्यांना ऐकू यायची. ओ कोणी दिली नाही. मीही दिली नाही. अकराव्या दिवशी हाका बंद झाल्या.

जीपमधून सिंधूताई नावाच्या नर्सबाई उतरल्या. पांढरं पातळ, हातात लाकडी पेटी. त्यांनी सगळ्यांना सांगितलं, "घाबरू नका. आता औषध निघालंय. सुया आणि गोळ्या नीट घेतल्या तर माणूस घरच्या घरी बरा होतो. कोणाला कुठं नेणार नाही."

"बकऱ्याले बी पयले पालाच दाखवतात," किसनभाऊ हळूच म्हणाले.

"दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला कोणाला आहे?"

एकही हात वर झाला नाही. माझ्या शेजारी तानुबाईनं पदराचा बोळा तोंडात कोंबला होता. तिचे खांदे हलत होते. मी दुसरीकडे पाहिलं. पण खोकला काही पदराचं ऐकत नाही. तो आला तो असा आला की तानुबाई वाकून जमिनीला टेकली.

"बरं," सिंधूताई शांतपणे म्हणाल्या, "सगळ्यांचाच बेडका तपासू. एकाला एक नि दुसऱ्याला एक असं नको."

प्रत्येकाला झाकणाची एक डबी मिळाली. तिच्यावर नावाची चिठ्ठी. पहाटे उठल्याबरोबर, चूळ न भरता, खोल खोकून आलेला बेडका तिच्यात टाकायचा होता.

तानुबाईबद्दल सांगायला हवं. ती कुणब्याची, मी बुद्धाची. आश्रमात आले तेव्हा माझी खाट दाराजवळ एकटी पडली होती. आठ दिवसांनी तानुबाई आपली खाट ओढत आली आणि माझ्या खाटेला लावून म्हणाली, "तिकडं लय घोरतात बाप्पा सगळे." तेव्हापासून आम्ही दोघी शेजारी. मला मूलबाळ नाही. तिला एकच लेक, कोकिळा, देऊळगाव राजाला दिलेली. अकरा वर्षांनी कोकिळेला मुलगी झाली होती. त्याचं कार्ड जावयानं, पंजाबरावांनी धाडलं होतं आणि ते मीच वाचून दाखवलं होतं. शुक्रवारी बारसं. सासूबाईंनी अगत्यानं यावं. मात्र खोकला 'तसला' नाही असं तपासून कळल्यावरच यावं, हेही खाली लिहिलं होतं. ती ओळ गाळावी असं मला वाटलं होतं. पण वाचणाऱ्यानं गाळायचं नसतं, म्हणून वाचली.

पहाटे तानुबाईनं मला हलवून उठवलं. तिच्या हातात तिची डबी होती.

"फुला, माह्या डबीत तू थुक."

"येडी झाली का व?"

"तुले खोकला नाई. तुहा बेडका चांगला निंघन. मले लेकीचं लेकरू पाह्यचं हाय. इतकंच कर."

"आन् खरंच असलं तं? त्या लेकराजवळ नेशीन का हे?"

तिनं पदर तोंडाशी नेला. तिच्या पदरावर मागच्या महिन्यात मी एक लाल ठिपका पाहिला होता. पानाचा आहे, असं ती म्हणाली होती. ती पान खात नाही हे मला माहीत होतं, तरी मी मान हलवली होती. आता मात्र मी तिची डबी तिच्याच तोंडासमोर धरली. "थुक," मी म्हटलं. ती रडत रडत खोकली. झाकण मी लावलं.

मंगळवारी दुपारी दवाखान्याचा शिपाई सायकलवर येऊन लिफाफा देऊन गेला. भगवानराव संस्थेच्या बैठकीला अकोल्याला गेले होते. शनिवारपर्यंत यायचे नव्हते. लिफाफा किसनभाऊंच्या हातात पडला. त्यांनी तो निखारा धरावा तसा माझ्याकडे आणला.

"उघड."

"मेनेजरच्या नावाचं हाय ते."

"मराचं आपल्याले हाय का मेनेजरले? उघड म्हन्तो नं!"

मी उघडला. आत एकच मोठा कागद होता. आडव्या ओळीत नाव, पुढे वय, आणि शेवटच्या रकान्यात शाईनं काढलेली नुसती खूण. एकही अक्षर नाही. मी नावं वाचत खाली गेले. प्रत्येकापुढे एक आडवी रेघ. फक्त तानुबाईच्या नावापुढे तीन खुणा होत्या, उभी रेघ आणि तिच्यावर आडवी.

या खुणा मला येत होत्या. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी गावातल्या साक्षरतेच्या वर्गात मी पाटी धरली. गुरुजींनी आडवी रेघ काढून सांगितलं होतं, हे उणे, हातातलं काढून घ्यायचं. मग रेघेवर रेघ काढून सांगितलं होतं, हे अधिक, पदरात टाकायचं. तेवढं मी कधी विसरले नाही.

"काय लिवलं हाय?" किसनभाऊ म्हणाले.

"आपन सगळे उणे," मी म्हटलं. "तानी तेवढी अधिक. तीन वेळा अधिक."

"उणे म्हंजे?"

"उणं. कमी. वजा."

किसनभाऊ खाली बसले. कोणीतरी कण्हलं. मी पुन्हा माझ्या नावाशी गेले. पंचफुला, वय चौसष्ट, आडवी रेघ. मला खोकला नव्हता, पण त्या क्षणी घशात खवखव सुरू झाली.

तानुबाईचा विश्वास बसेना. "मी? मी तं रातभर खोकलतो व."

"दम्याचा असन तुहा," किसनभाऊ म्हणाले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, तरी त्यांनी थट्टा केलीच. "तीनदा अधिक! आता तं बाई दुसरा घरोबाच कर."

"फुला, पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचलं. चार वेळा वाचलं. खूण तीच होती.

"मंग मी जाऊ?"

"जाय," मी म्हटलं.

तिनं विचारलं, जावयाला दाखवायला काही लिहून देशील का. वहीचा कागद फाडून मी लिहिलं, 'तपासणी झाली. तानुबाई चांगली आहे. काळजी नसावी.' तोवर मी दुसऱ्याचं वाचून दाखवत असे. दुसऱ्यासाठी लिहिलेलं हे माझं पहिलंच पत्र. अक्षरं सरळ आली म्हणून मला बरंही वाटलं.

बुधवारी सकाळी ती एस.टी.नं गेली. स्टँडवर मी तिच्यापासून दहा पावलं लांब उभी राहिले, तोंडाला पदर लावून. ती जवळ यायला लागली की मी मागे सरकायची.

"अवं, काऊन पळून राह्यली?"

"मी उणे हाय. लेकराकडं चालली तू. जाय, गाडी सुटन."

ती हसली, खोकली, आणि गाडीत चढली.

पुढचे दोन दिवस आश्रमात माणसं होती पण आवाज नव्हता. प्रत्येकानं आपला पेला वेगळा ठेवला. जेवायला सगळे भिंतीला पाठ लावून, एकमेकांपासून दोन्ही हात पसरण्याइतक्या अंतरावर बसत. कोणी खाकरलं की सगळ्यांचे घास थांबत. गुरुवारी किसनभाऊंनी खराटा घेतला आणि विहिरीमागची पत्र्याची खोली झाडून काढली. विचारलं तर म्हणाले, "जाचंच हाय, तं निदान उंदराच्या लेंड्या तं नको." मी माझे श्वास मोजत होते. रोज सकाळी पदरावर थुंकून उजेडात धरून पाहत होते. काही दिसायचं नाही. तरी वाटायचं, दिसत नाही तेच खरं वाईट. आणि या सगळ्यात एकच गोष्ट चांगली होती. तानी सुटली, असं मी मनाशी म्हणत होते.

शुक्रवारी सकाळी जीप आली. पत्र्याच्या खोलीत आधी कोणाला नेतील, हेच प्रत्येकाच्या डोळ्यांत होतं. सिंधूताई हसत उतरल्या.

"हे काय, सुतक असल्यासारखे का बसलात? सगळे ठीक आहात की! फक्त एकच जण. तानुबाई कुठं आहेत?"

मी उभी राहिले. "तानीले काही नाई, ताई. ती अधिक आली."

"कोणी सांगितलं?"

"म्या वाचलं. आमी सगळे उणे, ती अधिक."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. हसू कसं गेलं ते मला दिसलं. "पंचफुलाबाई," त्या म्हणाल्या, "उणे म्हणजे जंतू नाहीत. अधिक म्हणजे जंतू सापडले. एक अधिक म्हणजे थोडे. तीन अधिक म्हणजे काच नुसती भरलेली."

क्षणभरानं लोकांना कळलं. किसनभाऊ मोठ्यानं हसले. कोणी रडायला लागलं, कोणी शेजाऱ्याच्या गळ्यात पडलं. "उणे रे बाप्पा, उणे!" असं किसनभाऊ ओरडत होते. माझ्या कानात मात्र विहिरीत दगड पडावा तसा एकच आवाज घुमत होता.

"ती देऊळगाव राजाले गेली, ताई. लेकीच्या लेकराजवळ. बारा दिवसांचं हाय. आज बारसं."

सिंधूताईंनी पेटी खाली ठेवली. त्यांना मेहकरला एका रोग्याच्या घरी जायचं होतं, जीप तिकडेच जाणार होती. "मी निरोप पाठवते," त्या म्हणाल्या.

"निरोप कधी पोचन?"

त्यांनी मला जीपमध्ये घालून आधी स्टँडवर सोडलं. वाटेत सांगितलं, "बाळ तिच्या तोंडाजवळ नको. मांडीवर नको. आईचं दूध चालू द्या. आणि लोकांत तिचा बोभाटा करू नका, रोग तिनं मागून आणलेला नाही. उद्या मी स्वतः येते."

अकराची गाडी मिळाली. वाटेत देऊळगाव महीला ड्रायव्हर चहाला उतरला तो उतरलाच. मी खिडकीचा गज धरून बसले होते. माझी छाती आता मोकळी होती, घशातली खवखव गेली होती, आणि त्याचीच मला लाज वाटत होती. दोन दिवस माझ्या जिवाला घाबरले होते. तेवढा वेळ ते लेकरू तिच्याजवळ होतं. मला शिकवलं कोणी? कशाला शिकले? आडवी रेघ, उभी रेघ. किसनभाऊंसारखी अडाणी असते तर लिफाफा शनिवारपर्यंत बंद राहिला असता.

देऊळगाव राजाला उतरले तेव्हा दीड वाजला होता. बालाजीच्या देवळामागे घर विचारत गेले. दाराला आंब्याची पानं होती. आतून बायकांचा पाळणा ऐकू येत होता. अंगणात पंजाबरावांच्या आई, सत्यभामाबाई, परात घेऊन घुगऱ्या वाटत होत्या.

"कोण वो तुम्ही?"

"पंचफुला. आश्रमातली. तानुबाईसोबत राहते."

माझं नाव ऐकून आणि लुगडं पाहून त्यांनी जे ओळखायचं ते ओळखलं. "बरं झालं आल्या. थांबा तिथंच, घुगऱ्या घ्या," म्हणत त्यांनी वरून माझ्या पदरात मूठ सोडली. मी उंबऱ्याच्या बाहेर होते. दार उघडं होतं. आतलं सगळं दिसत होतं.

पंजाबरावांना बहीण नव्हती. म्हणून कानात नाव सांगायचा मान आजीला दिला होता. तानुबाई पाळण्याशी बसली होती, नवं लुगडं नेसून. लेकरू तिच्या दोन्ही हातांत, तोंडाशी. तिचे ओठ त्याच्या कानाला लागले होते. कुर्र झालं. बायका हसल्या. एका कानात नाव गेलं होतं. आता तिनं लेकराला दुसऱ्या कानासाठी वळवलं.

मला ओरडायचं होतं. पण काय ओरडू? खय म्हटलं तर पंचवीस बायकांत तिचं तोंड कायमचं काळं होणार. न म्हणावं तर लेकरू.

"तानी!" मी उंबऱ्यावरून हाक मारली. "तानी, म्या उलटं वाचलं!"

गाणं थांबलं. बायका वळून पाहायला लागल्या. कोणाला काही कळलं नाही.

तानुबाईला कळलं.

तिनं लेकराला झटक्यानं तोंडापासून दूर केलं. दोन्ही हात लांब करून धरलं, जणू ते जळतं आहे. "घ्या व कोनी," ती म्हणाली. "लेकराले घ्या." बायकांना वाटलं, म्हातारी दमली. एक जण हसून म्हणाली, "अवो आजी, दुसरा कान राह्यला नं!" तानुबाईनं मान हलवली. तिनं ओठ घट्ट मिटले होते. तिच्या गळ्याच्या शिरा वर आलेल्या मला दिसल्या. खोकला येत होता. तो मी तीन वर्षं शेजारच्या खाटेवर ऐकला आहे, येण्याआधी कसा दिसतो ते मला माहीत आहे. तिनं श्वास धरला. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. लेकरू तिच्या हातांवर हलायला लागलं.

मी उंबरा ओलांडला. त्या घरात आमच्यातलं कोणी कधी शिरलं नसणार. मागून सत्यभामाबाई ओरडल्या, "अगं बाई, आत कशी गेली ही!" मी बायकांच्या गुडघ्यांवरून, ताटावरून गेले आणि लेकरू घेतलं. तानुबाई भिंतीकडे वळली, कपाळ भिंतीला टेकलं आणि खोकली. किती वेळ खोकत होती. तोंडावरचा पदर काढला तेव्हा तिनं तो पटकन मुठीत धरला, पण पांढऱ्या भिंतीवर एक थेंब उडाला होता.

कोकिळा उठली. बाळंतपणातून नुकती उठलेली, पांढरीफटक. तिनं माझ्या हातांतून लेकरू ओढून घेतलं आणि आईकडे पाहिलं. आईनं तिच्याकडे पाहिलं नाही.

अंगणात मी पंजाबरावांना सगळं सांगितलं. त्यांनी सदऱ्याच्या खिशातून घडी केलेला कागद काढला.

"हे तुम्हीच लिहिलं?"

"हो."

"तुम्हाला वाचता येतं म्हणून आम्ही विश्वास ठेवला."

"हो," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सिंधूताई आल्या, डॉक्टरांना घेऊन. डॉक्टरांनी लेकराची छाती ऐकली. रोज पाजायची एक पूड दिली आणि म्हणाले, आता काहीच सांगता येणार नाही. आठ आठवड्यांनी हाताला सुई टोचायची, तीन दिवसांनी तिथं गाठ उठते का ते पाहायचं. गाठ उठली तर रोग शिरला. तोवर थांबायचं.

तानुबाईला मी आश्रमात परत आणलं. भगवानरावांनी पत्र्याच्या खोलीचं नाव काढलं तेव्हा सिंधूताई त्यांच्याशी बोलल्या. काय बोलल्या ते आम्हाला ऐकू आलं नाही. तानुबाईची खाट खिडकीजवळ लावली. तिला रोज सुई आणि गोळ्या मिळतात. खोकला उतरत चालला आहे. तिला त्याचं काही नाही.

आज एक्कावन्न दिवस झाले. रोज सकाळी डोळे उघडले की ती मला विचारते, "किती राह्यले?"

"पाच," मी आज म्हटलं. "मंग सुई. मंग तीन दिवस."

"बराबर मोजलं?"

"बराबर."

मग मान वळवून तिनं पलीकडे हाक मारली, "किसनभाऊ, तुमी बी मोजा बरं एकदा."

किसनभाऊंना अक्षर येत नाही. त्यांनी बोटांची पेरं मोजायला घेतली. मी त्यांच्या अंगठ्याकडे बघत बसले.